सगळ्याला व्हय

माझ्या अप्पांनी आयुष्यात कशालाही चटकन व्हय म्हटल्याचं मला आठवत नाही. मार्केट यार्डात त्यांची गुळाची अडत होती. गावोगावचे शेतकरी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, आणून टाकायचे, बाहेरगावचे व्यापारी ते न्यायचे, आणि दोघांच्या मधे अप्पा मांडीवर टॉवेल टाकून बसायचे. दोन्हीकडून गलका चालायचा आणि अप्पा एकच शब्द बोलायचे, 'बघू.' तो शब्द त्यांनी घरीही आणला. सहलीला जाऊ? बघू. नवी चप्पल? बघू. अव्वा, म्हणजे माझी आई, हातात भाकरी घेऊन विचारायची, "वाढू काय?" तरी बघूच. आमच्या घरात कुणी उपाशी राहिलं नाही, ते केवळ अव्वा उत्तरासाठी थांबत नसे म्हणून. मी कॉलेजात नाव घातलं तेही एका बघूवरच. काही दिवस थांबले, बघूचं न्हाय काही झालं नाही, असं पाहून मी एका सकाळी जाऊन वर्गात बसले.

असा हा माणूस. आणि आता सांगते आहे ती गोष्ट, हा माणूस सगळ्याला व्हय म्हणायला लागला त्या वर्षाची आहे. ती मी बारशांना सांगितली आहे, एसटीत सांगितली आहे, एकदा दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंडात कापूस असताना सांगितली आहे. लोक पोट धरून हसतात. मी अप्पांचे दहा प्रकारचे व्हय करून दाखवते, चेहऱ्यासकट. पण गोष्ट घडत होती तेव्हा आमच्या घरात सगळे श्वास धरून वावरत होते, आणि सगळ्यात जास्त मी. कारण त्या एका शब्दाला माझा गळा बांधला जायची वेळ आली होती.

आमचं घर उचगावात. पुढे रस्ता, मागे परडं, परड्यात अव्वाचं उखळ. आमची माणसं मूळची नेसरीकडची, त्यामुळे बापाला अप्पा, आईला अव्वा आणि भांडण रंगलं की दोन ओळी कानडी. त्या सकाळी अव्वा शेंगाची चटणी कुटत होती. दणदण आवाज येत होता, मधेच उसाचा ट्रक गेला की भांडी थरथरत होती, आणि अप्पा ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते. मी वेणी घालत होते. आरशात मला दिसलं, की अप्पांच्या हातातली बशी हळूहळू कलायला लागली. चहा धोतरावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून जमिनीवर. आणि अप्पा त्या चहाकडे असे बघत होते, जणू शेजाऱ्याचाच सांडतो आहे. कढत चहा! हात मागे नाही, ओरडणं नाही. मी धावले. अव्वा हातात मुसळ घेऊनच आली.

"अव, च्या सांडला की सगळा! भाजलं न्हवं?"

अप्पांनी तोंड उघडलं. आतून काहीतरी वर येत होतं, ते अडलं, पुन्हा आलं, आणि बाहेर पडलं ते एवढंच, "व्हय."

आम्हाला कळलंही नाही, की यापुढे या घरात अप्पांचा हाच एक शब्द ऐकू येणार आहे.

दवाखान्यातल्या दिवसांबद्दल मी फार सांगणार नाही. तिथला फिनेलचा वास आजही कुठे आला तर मी वाट बदलते. अप्पा घरी आले तेव्हा त्यांचं उजवं अंग गेलं होतं. पाय ओढत का होईना चालू लागला, पण हात खांद्यापासून खाली निव्वळ लोंबत राहायचा, पाण्याने भरलेल्या पखालीसारखा. तोंडाचा उजवा कोपरा खाली आला होता. डावी बाजू मात्र जशीच्या तशी, तीच भुवई, तोच हिशेबी डोळा. एका बाजूने पाहिलं तर अप्पा, दुसऱ्या बाजूने पाहिलं तर कुणीतरी पावणं.

गावातली माणसं भेटायला आली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणं म्हणजे परीक्षा घ्यायला येणं. प्रत्येक जण पुढे वाकून ओरडायचा, "वळखलं काय मला?" व्हय. "बरं वाटतंय न्हवं?" व्हय. "जेवन जातंय?" व्हय. लोक खूश होऊन उठायचे, दारात अव्वाला सांगायचे, "सुधारला की गडी! चांगला बोलतोय." कुणाच्याही ध्यानात आलं नाही, की सगळे प्रश्न व्हय उत्तर असलेलेच विचारतात.

माझ्या ध्यानात आलं ते माझ्या अंगातल्या किड्यामुळे. एका दुपारी मी अप्पांना ताक पाजत होते. सहज म्हणाले, "अप्पा, तुम्हाला पंचगंगेत सोडून येऊ काय?" अप्पा म्हणाले, "व्हय." मी म्हटलं, "म्हशीवर बसवून?" "व्हय." मला हसू फुटलं. मग मी त्यांच्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं आणि हसू गिळलं. डोळा माझ्यावर रोखलेला होता. पूर्वी वाईट गुळाचा रवा पुढ्यात आला की तो आणणाऱ्या माणसाकडे बघायचे, अगदी तसा. म्हणजे त्यांना कळत होतं? की मला तसं वाटत होतं? तोंड मला पंचगंगेत सोड म्हणतंय आणि डोळा भलतंच काही म्हणतोय. या दोघांपैकी माझा बाप कोणता?

आणखी एक नवल होतं. सकाळी अंघोळ झाली की अव्वा त्यांच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवायची. आम्ही लिंगायत, आमच्यात पूजा अशीच होते, देव डाव्या हातावर घ्यायचा आणि उजव्या हाताने पाणी, भस्म, बेलाचं पान वाहायचं. अप्पांचा उजवा हात आता चालत नव्हता, म्हणून पाणी अव्वा घालायची. आणि अप्पा डोळे मिटून 'ॐ नमः शिवाय' म्हणायचे. स्वच्छ! एक अक्षर अडत नव्हतं. पूजा संपली, की पुन्हा व्हय. एकदा अव्वाच्या हातून गरम आमटी त्यांच्या पायावर सांडली तेव्हा त्यांच्या तोंडून अशी एक अस्सल, ठसठशीत, मार्केट यार्डातली शिवी निघाली, की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. अव्वा रडायलाच लागली. "बोललं! गिरजे, ऐकलंस काय, बोललं!" नवऱ्याने शिवी दिली म्हणून देवापुढे साखर ठेवणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

शेवटी आम्ही शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचं नाव सांगत नाही, कारण मी त्यांची नक्कल करते आणि ती फार चांगली होते. बुटके, घोगऱ्या आवाजाचे, आमच्यासारखंच बोलणारे. काका स्कूटर लावायला जागा शोधत खाली फिरत होते, त्यामुळे आत अप्पांबरोबर मी आणि अव्वाच होतो. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

डॉक्टर म्हणाले, "मालक, जीभ भायेर काढा."

"व्हय," अप्पा म्हणाले, आणि जीभ काही आली नाही. तोंड उघडलं, मिटलं, मान हलली. कपाळावर घाम आला. दार उघडायला जावं आणि किल्लीच सापडू नये, तसा चेहरा.

डॉक्टरांनी अव्वाला विचारलं, डब्यात काय आहे. डब्यात भाकरी आणि काकवी होती. डॉक्टरांनी बोटावर काकवी घेतली, अप्पांच्या खालच्या ओठाला लावली आणि काहीच न बोलता खिडकीकडे बघत बसले. अप्पांची जीभ आपली आपण बाहेर आली, काकवी चाटून आत गेली. गुळाचा व्यापारीच तो!

"बघितलं?" डॉक्टर माझ्याकडे वळले. "जीभ चांगली हाय. हुकूम पोचत न्हाय. मानूस दोन तऱ्हेनं हलतोय पोरी. एक, सांगितल्यावर. दुसरं, आपसूक. डोक्यातली वाट दोन्हीची एकच न्हाय. ह्यांची सांगण्याची वाट तुटलीया."

मी विचारलं, "मग मंत्र कसा म्हणतात? आणि शिवी?"

"ती पाठ झालेली असत्यात. पाठ झालेलं डोक्यात चार ठिकाणी सांडलेलं असतंय, एकीकडचं गेलं तरी दुसरीकडचं ऱ्हातंय. नवीन वाक्य जुळवायचं म्हणजे मात्र कारखाना लागतो. त्यो ह्यांच्या डोक्याच्या डाव्या अंगाला होता. डावं अंग उजवा हात बी चालवतंय, म्हणून दोन्ही एकदम गेलं."

अव्वाने पदर तोंडाला लावून विचारलं, "पन डाक्टर, त्यास्नी कळतंय काय?"

"बरंच कळत असावं. किती, ते मी न्हाय सांगू शकत. आनि ह्यो जो व्हय हाय, त्यो व्हय न्हवं. इंजन चालू केलं की धूर निघतोय न्हवं, तसं हाय त्ये. त्यावर कुठलंबी काम करू नका."

"आणि न्हाय म्हणायचं असलं तर?" मी विचारलं.

डॉक्टरांनी जरा विचार केला. "विचारून न्हाय येनार. वेळ आली तर अंगातनं येईल. आली तर."

खाली काका भेटले. काका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, दुकानातले भागीदार, आवाज हलगीसारखा आणि मन लोण्यासारखं. सिनेमात म्हातारी मेली की यांचा रुमाल भिजायचा. मी त्यांना डॉक्टरांचं सगळं सांगितलं. काकांनी स्कूटरला किक मारत ऐकलं आणि म्हणाले, "डॉक्टर लोकांचं असंच असतंय. बत्तीस वर्सं एका ताटात जेवलोय आम्ही. मला दादा कळत न्हाय व्हय?"

आणि खरंच, काकांना वाटत होतं, की आजाराने दादा मऊ झाला आहे. वर्षानुवर्षं ज्याला बघू मिळत होतं त्याला आता व्हय मिळत होतं. दुकानाला हिरवा रंग देऊया? व्हय. दिला. दुकानाच्या दारातलं बाभळीचं खोड काढूया? व्हय. काढलं. काकांच्या मनात पाप अजिबात नव्हतं. ते प्रत्येक गोष्ट आधी अप्पांना विचारायचे, हात जोडून, मोठ्याने. अव्वा आणि मी एकमेकींकडे बघायचो. पण हिरव्या रंगासाठी कोण भांडणार?

मग काकांनी माझं स्थळ आणलं.

निपाणीकडचं घर, आमच्यातलंच, बागायती शेती, एकुलता एक मुलगा. मुलगा वाईट नव्हता. कान जरा मोठे होते, पण ते मी आत्ता गंमत म्हणून सांगते, तेव्हा मला कानही दिसले नव्हते. मला दिसत होतं ते एवढंच, की लग्न उन्हाळ्याच्या आत करायचं होतं, आणि त्यांच्या घरात सुनेनं कॉलेजला जायची पद्धत नव्हती. माझं दुसरं वर्ष चालू होतं. खरं सांगायचं तर वर्षाशी मला फारसं देणंघेणं नव्हतं. गॅदरिंगच्या नाटकात मला पहिल्यांदा काम मिळालं होतं आणि पहिल्या तालमीत तोंड उघडल्यापासून मला कळून चुकलं होतं, की मी कशासाठी जन्माला आले आहे. हे घरात सांगण्याची सोय नव्हती.

काका अप्पांसमोर मांडी घालून बसले. "दादा, पोरगीचं तुझ्या डोळ्यांदेखत होऊ दे. बघायचं काय पुढं?"

"व्हय," अप्पा म्हणाले.

"बघा," काका आमच्याकडे वळले, डोळ्यांत पाणी. "लगीच म्हनाला."

मी उठले आणि म्हणाले, "काका, ते सगळ्यालाच व्हय म्हणतात."

"सगळ्याला म्हनंल, पोटच्या पोरीच्या बाबतीत म्हनंल व्हय?"

मला खरी भीती वेगळीच होती. समजा, हा व्हय खरा असेल तर? अप्पांनी माझ्या कॉलेजला कधी होकार दिला नव्हता, बघू म्हणाले होते. बघूच्या आत काय होतं, मला तरी कुठे माहीत होतं? कदाचित त्यांना खरंच वाटत असेल, पोरीचं होऊन जाऊ दे. मी त्यांच्या समोर बसून विचारलं, "अप्पा, मी लग्न करू?" व्हय. "नको करू?" व्हय. "अप्पा, डोळे मिटून सांगा. नको असेल तर मिटा." त्यांनी मिटायचा प्रयत्न केला असेल किंवा नसेल. डोळे उघडेच राहिले, भुवई नुसती थरथरली. मी विचारत होते, म्हणूनच उत्तर येत नव्हतं.

पावणे रविवारी येणार होते. जमलं तर तिथंच नारळ द्यायचा, म्हणजे बोलणं पक्कं. आमच्याकडे मुलीच्या बापाने स्वतःच्या हाताने मुलाच्या बापाच्या हातात नारळ ठेवला की शब्द गेला, मग माघार नाही.

मी एक बेत केला. नाटकी बेत, माझ्यासारखाच. सगळे जमले, काकांनी विचारलं, अप्पा व्हय म्हणाले, की मी पुढे व्हायचं आणि सगळ्यांसमोर विचारायचं, "अप्पा, तुम्ही बाई आहात ना?" व्हय. "आणि काका तुमची बायको?" व्हय. बस्स. पावणे उठून जातील. मी आरशासमोर याची तालीम केली, कुठे थांबायचं, कुठे वळायचं, सगळं ठरवलं.

अव्वाने ऐकलं. ती गहू कुटत होती, रविवारच्या हुग्गीसाठी. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, गूळ घालून आटवलेली. तिचं मुसळ थांबलं.

"असं करनार हायस?"

"मग दुसरं काय करू?"

"त्यास्नी कळतंय गिरजे. समदं कळतंय. मी रोज त्यांच्या तोंडात घास घालतो, मला ठाव हाय." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी घालतो, मी जातो. "चार पावण्यांत तू त्यास्नी बाई म्हनवून घेणार, आणि त्यास्नी त्ये ऐकू येनार, आणि तोंड त्यांचं व्हय म्हननार. लगीन मोडंल तुजं. आनि त्येंचं काय मोडंल?"

मी उखळाबाहेर उडालेले गहू वेचायला लागले.

"शब्द दे."

मी दिला. तिने मुसळ उचललं. आणि मग, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "मी काय लगीन कर म्हनत न्हाय."

रविवारी सकाळपासून घर वेलदोड्याच्या वासाने भरलं होतं. काकांनी अप्पांना स्वतः सजवलं. धुतलेलं धोतर, कोट, डोक्याला पटका. खुर्चीत बसवलं, उजव्या हातावर शाल अशी टाकली, की तो हात नसून केवळ थाट वाटावा. पावणे आले. मुलाचे वडील शिवगोंडाअण्णा, उंच, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. मुलगा. त्याच्या दोन चुलत्या, ज्यांनी मला उभं केलं, चालवलं, बसवलं आणि शेंगाच्या चटणीत मीठ किती घालतेस असं विचारलं. मी म्हणाले, बघून. त्या हसल्या. अप्पांचा डावा डोळा माझ्याकडे होता.

चहा झाला. ट्रक गेला, कपबशा वाजल्या, थांबल्या. काकांनी घसा साफ केला. काका अप्पांपुढे वाकले आणि बहिऱ्याशी बोलावं तसे मोठ्याने म्हणाले, "दादा, शिवगोंडाअण्णांच्या घरी द्यायची न्हवं आपली गिरजा?"

खोलीतल्या प्रत्येकाचे डोळे अप्पांच्या तोंडावर. माझेही.

"व्हय," अप्पा म्हणाले.

चुलत्यांनी सुस्कारा सोडला. काकांनी नारळ घेतला, शाल बाजूला केली, अप्पांचा निर्जीव उजवा हात उचलला, त्याच्या बोटांत नारळ बसवला, बोटं टिकेनात म्हणून वरून स्वतःचा हात धरला, आणि तो सगळा भार शिवगोंडाअण्णांच्या दिशेने नेऊ लागला. अण्णांनी ओंजळ पुढे केली. मी अव्वाकडे पाहिलं. अव्वा दारात उभी होती, मान खाली. मी तिला शब्द दिला होता. अजून वीतभर, आणि नारळ जाणार होता.

तेवढ्यात अप्पांचा डावा हात खुर्चीवरून उठला आणि त्याने उजव्या हाताचं मनगट पकडलं.

काका थबकले. "पडत न्हाय दादा, मी धरलंय," म्हणाले आणि पुन्हा पुढे नेऊ लागले. डाव्या हाताने मनगट मागे ओढलं. काकांनी हसून, पावण्यांकडे बघत, डाव्या हाताची बोटं एक-एक करून सोडवली आणि तो हात मांडीवर ठेवला. तो परत आला. या वेळी त्याने मनगट नव्हे, नारळच धरला, छातीशी ओढला. पटका सरकला. आणि सबंध वेळ अप्पांचं तोंड चालूच होतं, "व्हय, व्हय, व्हय," चढत्या आवाजात, घाम गळतो आहे, डावा डोळा लाल, आणि तोंड पोरगी द्या म्हणतंय, आणि हात नारळ सोडत नाही.

मुलाची एक चुलती कुजबुजली, "काय झालं ह्यास्नी?"

काकांचा चेहरा उतरला. ते घाईघाईने म्हणाले, "व्हय म्हनतायत की पावणं! तोंडानं सांगतायत न्हवं? हाताचं काय घेऊन बसलाय, हात आजारी हाय त्यांचा."

आणि अव्वा, जी दिराच्या पुढे आजवर डोक्यावरचा पदर सरकू न देता वावरली होती, ती दारातून बोलली. आवाज मोठा नव्हता.

"भावजी, आजारी हात दुसरा हाय. ह्यो चांगला हाय."

बाहेर कुणाची तरी म्हैस हंबरली. शिवगोंडाअण्णा अप्पांच्या डाव्या हाताकडे बघत राहिले, त्या हाताच्या नखांपर्यंत आलेल्या पांढरेपणाकडे. मग ओंजळ मागे घेतली आणि खुर्चीजवळ जाऊन हळू विचारलं, "सावकार, नको हाय काय तुमच्या मनात?"

"व्हय," अप्पा म्हणाले.

आता या व्हयचं काय करायचं, हे त्या खोलीत कुणालाच कळेना. शेवटी अण्णाच म्हणाले, "ज्या हातावर रोज देव घेता, त्या हातातनं वढून मी नारळ नेऊ काय? न्हाय जमनार." त्यांनी अप्पांचा पटका सरळ केला. मग अव्वाकडे वळून म्हणाले, "वैनी, हुग्गीचा वास सुटलाय. खाऊन जातो. बाकीचं बघू."

बघू! यार्डात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाच्या घरात गिऱ्हाइकाच्या तोंडच्या त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत होता, सौदा मोडला. मुलाने पहिल्यांदा मान वर केली, आणि देवाशपथ सांगते, त्याच्याही चेहऱ्यावर सुटका होती. (त्याचं पुढे छान झालं. त्याच्या मुलीच्या लग्नात मी जेवून आले आहे.) माणसं पोटभर जेवली. काका परड्यात जाऊन एकटेच उभे राहिले होते. अव्वाने वाटी भरून त्यांच्या हातात नेऊन दिली. त्यांनी ती उभ्यानेच खाल्ली, रुमालाने डोळे पुसत. "मी दादाचं तोंड बघत होतो ग वैनी," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी दुकानातली एकही गोष्ट अप्पांना तोंडी विचारली नाही. वस्तू समोर ठेवायचे आणि हात काय करतो ते बघत बसायचे.

आमच्या शेजारची मुलगी आता डॉक्टरकी शिकते. तिला मी ही गोष्ट सांगितली, दहाही व्हय करून. ती हसली, आणि मग या नव्या पोरांच्या सवयीप्रमाणे म्हणाली, "मावशी, पडणारी वस्तू धरायला हात आपोआप जातो. त्यात काही मत असेलच असं नाही हं." मी तिला शिरा खायला दिला आणि विषय बदलला. तिला काय सांगू, की हा संशय मला त्याच संध्याकाळी आला होता.

पावणे गेले होते. अव्वा भांडी घासत होती. अप्पा ओट्यावर बसले होते, कोट काढलेला, नारळ अजून मांडीवर. मी त्यांच्या शेजारी, त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले.

"अप्पा, स्थळ खरंच नको होतं तुम्हाला?"

"व्हय."

"की नारळ पडेल म्हणून हात धरलात?"

"व्हय."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा हळूहळू वर गेला. उजवा होता तिथेच राहिला. अर्धंच हसू होतं ते, पण मार्केटात सौदा मनासारखा झाला की यायचं, तेच. निदान मला तसं दिसलं. तिसरा प्रश्न, नाटकात काम करू काय, माझ्या अगदी ओठांवर होता. तो मी विचारला नाही. सोमवारी सकाळी वेणी घातली, डबा घेतला आणि तालमीला गेले.